रत्तलभर धान्य आणि एक रुपया भत्ता

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशी माणसाला उद्देशून वापरतो. गंमत अशी की, हरीच्या जागी सरकार घातले की हाच टोमणा अर्थशास्त्राचा सिद्धान्त होऊन बसतो! बेकाराला मदत दिली, ती जराशी वाढवली, की तो खाटेवरून उठायचा नाही, असे म्हणणारी माणसे आमच्या परभणीच्या मोंढ्यात भेटतात, तशीच ती लंडनला आणि न्यूयॉर्कलाही भेटतात. सोयाबीनच्या काढणीला मजूर मिळेनासे झाले की हे बोलणे अधिकच कानी पडते. माझा पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. पण या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा महाराष्ट्राच्या मातीत घडला आहे. फराळाच्या ताटाबरोबर तोही वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

ही शंका पहिल्यांदा कायद्यात उतरली ती इंग्लंडात, १८३४ साली. गरिबांच्या मदतीचा नवा कायदा करताना तिथल्या शहाण्यांनी एक तत्त्व ठरवले: मदत घेणाऱ्याची स्थिती स्वतःच्या बळावर राबणाऱ्या सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट असली पाहिजे. ती सुसह्य झाली तर राबेल कोण? साहेब हेच तत्त्व जहाजात घालून हिंदुस्थानात घेऊन आला.

येथे सर रिचर्ड टेंपल या गृहस्थाची गोष्ट सांगितली पाहिजे. १८७३-७४ च्या बिहारमधील दुष्काळात याने ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून सढळ हाताने वाटला. फार थोडी माणसे दगावली. पण शाबासकी मिळण्याऐवजी उधळेपणाचा ठपका मात्र माथी आला. पुढे १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात हिंदुस्थान सरकारने त्यालाच दक्षिणेत पाहणीला पाठवले. या खेपेला त्याने मूठ घट्ट आवळली. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाची मजुरी किती? एका रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा! रत्तल म्हणजे आपल्या अर्ध्या किलोलाही थोडे कमीच. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाने एवढ्यावर जगावे, अशी ती योजना होती. शिवाय गावाजवळची लहान कामे बंद करून मजुरांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवायचे. खरा गरजू असेल तो चालत जाईल, असा हिशेब.

मुंबई इलाख्यात याचा परिणाम काय झाला? हजारो मजुरांनी १८७७ च्या जानेवारीत काम सोडले. उपाशी माणसांचा तो संप होता. सरकारी गोटात त्याचा अर्थ असा लावला गेला की, काम सोडले त्या अर्थी यांना गरज नव्हतीच! पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. त्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आघाडीवर होते. पुढे मद्रास सरकारला ही मजुरी वाढवावी लागली. तोवर किती माणसे गेली असतील, ते त्या काळच्या गावकुसांनाच ठाऊक. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून या तंट्यात त्याचे नाव दिसत नाही. दुष्काळ मात्र कुणाच्या राज्याची शीव पाहत नसतो.

आता शंभर वर्षांची उडी मारून १९७२ कडे येऊ. मराठवाड्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढे म्हटले की म्हातारी माणसे अजूनही गप्प होतात. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. आमची आजी त्या खडीवर होती. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा परदेशी लाल मिलो, या दोन्हींची चव तिने शेवटपर्यंत सांगितली. मी एकदा तिला विचारले, “आजे, सरकार घरबसल्या मजुरी देत होतं, मग काम सोडलं कशाला?” ती म्हणाली, “घरबसल्या कुठलं रे? हाताला फोड आले व्हते. अन् पाऊस पडल्यावर खडी कोन फोडितं बाबा? रानात जावं का तिथंच बसावं?” वाचकहो, १९७३ च्या पावसाळ्यात कामावरची हजेरी झपाट्याने उतरली, असे नोंदी सांगतात. आजीने ते एका वाक्यात सांगितले होते.

या सगळ्यातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचे जनक वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पाग्यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात १९६५ साली तिचा पहिला प्रयोग घडवून आणला. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. हा रुपया प्रत्यक्षात फार क्वचित कुणाच्या हाती पडला, पण मजुराला कामाचा हक्क आहे ही गोष्ट त्याने कायद्यात लिहून ठेवली. या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. माझ्या पगारातून आजही महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार जातात, ते याच कराचे. म्हणून या विषयात दोन शब्द बोलण्याचा मला थोडासा हक्क पोचतो!

खरी परीक्षा १९८८ साली झाली. त्या वर्षी शेतमजुरांचे किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही दुपटीच्या घरात गेली. टेंपलसाहेबाचे गणित खरे असते, तर शेते ओस पडून लोकांची हमीच्या कामावर झुंबड उडायला हवी होती. प्रत्यक्षात पुढच्या काळात हजेरी घटली! मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अभ्यासकांनी १९९३ साली याचे कोडे उलगडले. मजुरी वाढल्यावर खर्च आवरण्यासाठी सरकारनेच हात आखडता घेतला. काम मागणाऱ्याला पूर्वीसारखे काम मिळेना. म्हणजे मजूर खाटेवर नव्हता, रांगेत होता.

अमेरिकेतही २०२० च्या महामारीत बेकारांना नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला सहाशे डॉलर जादा मिळाले, नंतर तीनशे. लोक कामावर येत नाहीत म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या सुमारे निम्म्या राज्यांनी हा जादा भत्ता मुदतीआधीच बंद केला. अभ्यासकांनी पाहिले तेव्हा ज्यांचा भत्ता तुटला त्यांतील थोड्यांनाच त्यामुळे काम लागलेले दिसले. बाकीच्यांच्या घरचा खर्च तेवढा आटला.

तेव्हा शेतकऱ्याची तक्रार खोटी का? तसे मी म्हणणार नाही. चार एकर सोयाबीन वाळून उभे आहे, आभाळ भरून आले आहे आणि मजूर वाढीव दर सांगतो आहे, त्या वेळी अर्थशास्त्र सुचत नाही. हमीच्या कामावर बाईला पुरुषाइतकीच मजुरी ठरली, तेव्हा शेतातल्या बाईलाही आपल्या श्रमाचे मोल कळले. ‘एवढ्यात येत नाही’ म्हणण्याचे बळ तिला आले. याचा भार लहान शेतकऱ्यावर पडतो, कारण त्याच्या मालाचा भाव त्याच्या हातात नसतो. पण त्याचा उपाय मालाच्या भावात शोधावा. मजुराच्या भुकेत तो सापडणार नाही.

वाद मात्र संपलेला नाही. २००५ साली संसदेने ही हमी देशभर नेली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा मंजूर झाला. त्यात दिवस शंभरांचे सव्वाशे झाले. पण पेरणी-कापणीच्या दिवसांत एकूण साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही आली. शेतीला मजूर मिळावा, हे तिचे कारण. सार्वजनिक काका आज असते तर त्यांनी चष्मा पुसून हे कलम पुन्हा वाचले असते.

मी शाळेतला माणूस. माझ्या हाती हजेरीपट असतो. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊस तोडायला निघतात, आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा काही बाके रिकामी राहतात. त्या मुलांचे आईबाप आळशी आहेत, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? गावातच, वेळेवर आणि पुऱ्या मजुरीचे काम मिळाले, तर त्यांतले काही जण उचल घेणार नाहीत. कामापासून कुणी परावृत्त व्हायचेच असेल, तर ते अशा कामापासून व्हावे, आणि त्या मुलाने दिवाळी आपल्या घरी करून माझ्या वर्गात यावे.