पोरगं सोडावं की राखावं?

१९५६ साली आमची अदलाबदल झाली. आमची म्हणजे अख्ख्या किनवट तालुक्याची. मी तेव्हा पाळण्यात होतो. तोवर किनवट हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची फेररचना झाली आणि किनवट तालुका, सोबत बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ, नांदेडला जोडलं गेलं. नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ, भैंसा तिकडे गेलं. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळंही गेली. वडील उर्दूतून शिकलेले. त्यांच्या लेखी ‘शहर’ म्हणजे हैदराबाद. पुढे मुंबईला जाऊन आले तरी त्यांचं शहर काही बदललं नाही.

या फेररचनेने आमच्या पोरांच्या क्रिकेटचाही नकाशा ठरवला. किनवटचा पोरगा आज खेळला तर जिल्हा संघटनेमार्फत पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे जातो. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन. दीड-दोन तासांवरचं आदिलाबाद हैदराबादच्या ताब्यात. तीन रणजी संघांच्या शिवा आमच्या तालुक्यापाशी येऊन भिडतात, आणि त्यांतला सगळ्यात लांबचा संघ आमच्या वाट्याला आलेला. क्रीडाशिक्षकाच्या नोकरीत एक प्रश्न मला म्हणूनच वरचेवर भेटत आला : अडखळणारं चांगलं पोरगं संघाने धरून ठेवावं, की दुसऱ्याला देऊन टाकावं?

प्रश्न आयपीएलने आणला असं लोक समजतात. तो रणजी करंडकाएवढा जुना आहे. १९३४-३५ला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा राजेरजवाडे खेळाडू दरबारी ठेवायचे. हुद्दा द्यायचे, पगार द्यायचे आणि संघ बांधायचे. सी. के. नायडू नागपूरचे, पण नाव गाजवलं इंदूरच्या होळकर संघाचं. विजय हजारे सांगलीचे, महाराष्ट्राकडून खेळलेले. बडोद्याच्या महाराजांकडे गेले आणि १९४६-४७च्या अंतिम सामन्यात गुल महंमदसोबत ५७७ धावांची भागी केली, तीही होळकरांविरुद्ध. आमचं हैदराबादही मागे नव्हतं. मोईन-उद-दौला सुवर्णचषकासाठी देशभरचे खेळाडू तिथे उतरायचे. १९३७-३८ला हैदराबादने नवानगरला एका गड्याने हरवून रणजी जिंकली, तेव्हा एडी ऐबाराने नाबाद १३७ काढले होते. वडिलांना हा आकडा पाठ होता.

त्या काळातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस मात्र भाऊसाहेब निंबाळकर. कोल्हापूरचे. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे असा सगळा मुलूख फिरले. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ केले. ब्रॅडमनच्या ४५२ला गाठायला नऊ धावा उरल्या होत्या आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. भारताकडून कसोटी त्यांना एकही मिळाली नाही. संघ बदलला म्हणून दैव बदलतंच असं नाही, हे निंबाळकरांनी आधीच दाखवून ठेवलंय. पण जिथे गेले तिथे त्यांना बॅट हातात घेऊन मैदानात उतरता आलं, हेही तेवढंच खरं.

संस्थानं गेली, त्यांच्या जागी नोकऱ्या आल्या. रेल्वेची नोकरी म्हणजे मराठवाड्यातल्या पोराला सुटकेचा दरवाजा. त्यातून गेलेलं मोठं नाव बीडच्या संजय बांगरचं. महाराष्ट्र आणि मुंबई या दोन्हींच्या कुमार संघांतून तो खेळला, पण रणजीत घेतलं रेल्वेने, १९९३-९४ला. फलंदाजी चिवट, गोलंदाजी मंदगती. डोळे दिपवणारं त्यात काही नव्हतं. रेल्वेला नेमका तसाच माणूस हवा होता. २००१-०२ला रेल्वेने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि २००४-०५ला बांगरच्याच कप्तानीखाली दुसऱ्यांदा. मधे ऑगस्ट २००२मध्ये लीड्सला, ढगाळ हवेत, हिरव्या खेळपट्टीवर गांगुलीने पहिली फलंदाजी घेतली आणि सलामीला बांगरला पाठवलं. त्याने २३६ चेंडू खाऊन ६८ केले, द्रविडसोबत १७० जोडले. पुढे द्रविड, तेंडुलकर, गांगुली तिघांची शतकं झाली आणि भारत डावाने जिंकला. लोकांना ती तीन शतकं आठवतात. मी वर्गात पोरांना ते २३६ चेंडू सांगायचो.

झहीर खानची गोष्ट याच वळणाची. श्रीरामपूरचा पोरगा मुंबईला आला, चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत गेला, पण रणजीत पहिली संधी दिली बडोद्याने, १९९९-२०००ला. पुढच्याच हंगामात बडोद्याने करंडक जिंकला, त्यात झहीरचा मोठा वाटा. मुंबईने त्याला घेतलं ते २००६-०७ला, तयार झाल्यावर. आयपीएलच्या पहिल्यावहिल्या अदलाबदलीत २००९ साली पुन्हा तोच होता : बंगळूरने झहीर मुंबईला दिला आणि बदल्यात तेविशीतला रॉबिन उथप्पा घेतला. बंगळूरला तो पहिल्या वर्षी फळला नाही. २०१४ला कोलकात्याकडून त्याने ६६० धावा काढल्या, स्पर्धेत सर्वांत जास्त, आणि कोलकाता विजेता ठरलं. ज्यांनी त्याला आधी बाळगलं, त्यांच्या वाट्याला ते पीक आलंच नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा व्यवहार शंभर वर्षं मुरलेला आहे, म्हणून तिथलं एक उदाहरण सांगतो. १५ जून १९६४ला शिकागोच्या कब्ज संघाने लू ब्रॉक हा पंचविशीही न गाठलेला खेळाडू सेंट लुईसच्या कार्डिनल्सना दिला आणि अर्नी ब्रॉलिओ हा नावाजलेला गोलंदाज घेतला. ब्रॉलिओने आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते. ब्रॉक चाचपडत होता. सगळ्यांना वाटलं, शिकागोने लूट केली. पण ब्रॉकचा खरा गुण होता पळणं. शिकागोला त्याच्याकडून लांब टोले हवे होते. सेंट लुईसच्या प्रशिक्षकाने त्याला सांगितलं, वाटेल तेव्हा पळ. त्याच वर्षी सेंट लुईसने जागतिक मालिका जिंकली. ब्रॉकने पुढे कारकिर्दीत ९३८ तळ चोरले, म्हणजे चेंडू टोलावला नसतानाही पळत पुढचा तळ गाठला. ब्रॉलिओने शिकागोसाठी उरल्या काळात सात सामने जिंकले आणि एकोणीस गमावले.

बांगर, झहीर, ब्रॉक या तिघांतलं कुणीही जुन्या घरी बिघडलेलं नव्हतं. कुणाला तिथे जागा नव्हती, कुणाला चुकीचं काम दिलेलं होतं. नव्या संघाने घेतलं ते भलाई म्हणून नव्हे. त्यांच्याकडे त्या पोराजोगं काम रिकामं होतं म्हणून.

आमच्याकडे हे सगळं छोट्या मापात चालतं. किनवटला टेनिस बॉलच्या स्पर्धांत आता संघमालक असतात, गुणांवर लिलाव होतो, दोन मालकांनी एकमेकांत खेळाडू फिरवणंही चालतं. एका संघाला मी सल्ला द्यायचो. त्यात तांड्यावरचा एक डावखुरा पोरगा होता. नवा चेंडू आत आणायचा, पण मालक त्याला शेवटचं षटक द्यायचे आणि तो मार खायचा. समोरच्या मालकाकडे पस्तिशी ओलांडलेला एक षटकारवाला होता.

‘‘गुरुजी, पोरगं चांगलं हाय, नाही म्हणत नाही. पण मला यंदा चषक पाहिजे,’’ मालक म्हणाले.

‘‘शेठ, त्याला एकदा पहिलं षटक देऊन बघा. मग काय ते ठरवा,’’ मी म्हणालो.

‘‘पहिलं षटक माझ्या भाच्याचं हाय.’’

यावर काय बोलणार? पोराला मीच म्हणालो, जा बाबा तिकडे. तिकडे त्याला नवा चेंडू मिळाला. फार मोठा झाला असं नाही, पण दोन हंगाम नीट खेळला. आता पोलीस भरतीसाठी पळतो. षटकारवाल्याने आमच्या मालकांना दोन सामने जिंकून दिले. चषक तिसऱ्याच संघाने नेला.

अडखळणारं पोरगं विकण्यात मोठा धोका एकच : त्याची किंमत त्याच वेळी सर्वांत कमी असते. आमचा शेतकरी देणं फेडायला दिवाळीच्या तोंडावर ओला कापूस घालतो आणि भाव चढतो तेव्हा त्याचं घर रिकामं असतं, तसंच हे. गरजवंताला अक्कल नसते, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण दुसरी बाजूही आहे. जो कापूस ठेवायला घरात जागाच नाही, तो पावसात भिजवून कुणाचं भलं होणार?

जागा करून देणं कसं असतं ते बघायचं तर पैनगंगेपलीकडे बघावं. विदर्भाला रणजीत वर्षानुवर्षं कुणी मोजत नव्हतं. २०१५-१६ला मुंबईचा वसीम जाफर तिकडे गेला. प्रशिक्षक म्हणून मुंबईचेच चंद्रकांत पंडित आले. २०१७-१८ला फैज फजलच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक घेतला. रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक केली आणि विजयी फटका जाफरने मारला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले. कर्नाटकाने बाजूला सारलेला करुण नायर २०२३ला नागपूरला आला. कसोटीत त्रिशतक ठोकलेला हा माणूस डिसेंबर २०२२मध्ये क्रिकेटकडे आणखी एक संधी जाहीरपणे मागत होता. २०२४-२५च्या अंतिम सामन्यात त्याने केरळविरुद्ध ८६ आणि १३५ केले, विदर्भाने तिसरा करंडक उचलला, आणि नायर भारताच्या कसोटी संघात परतला. पुढच्या हंगामाला तो कर्नाटकात परत गेला. विदर्भाने रडगाणं गायलं नाही. दोघांचं काम झालं होतं.

नुसतं घर बदलून भागत नाही, याचा दाखलाही ताजा आहे. पृथ्वी शॉने शाळेत ५४६ केल्या, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आणला, २०१८ला राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ काढले. २०२४च्या ऑक्टोबरात मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं, आयपीएलच्या लिलावात कुणी बोली लावली नाही. २०२५ला ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तो महाराष्ट्राकडे आला. पहिल्या रणजी सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य. पुढच्याच सामन्यात चंडीगढविरुद्ध १५६ चेंडूंत २२२. या एका शून्यावरून किंवा एका द्विशतकावरून मुंबई चुकली की बरोबर हे ठरवू नये. मुंबईने त्याला पुष्कळ संधी दिल्या होत्या, आणि मगच कागद दिला. मला हा व्यवहार रीतीचा वाटतो.

माझा राग आहे तो वेगळ्या ठिकाणी. मराठवाड्यात गुण कमी नाहीत. जालन्याच्या विजय झोलने २०११ला कूचबिहार करंडकात नाबाद ४५१ केल्या आणि २०१४च्या विश्वचषकात १९ वर्षांखालील भारतीय संघाची कप्तानी केली. तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरला चेन्नईने दीड कोटीला घेतलं आणि तीन हंगामांत दोनच सामने दिले. बीडच्या सचिन धसने २०२४ला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ काढले. ही पोरं विशीत पोचतात आणि मग मोठ्या संघाच्या दाराशी रांग लागते. महाराष्ट्राने रणजी शेवटची जिंकली ती १९४०-४१ला, दि. ब. देवधरांच्या कप्तानीत. म्हणून पुणे बाहेरून माणसं आणतं : शॉ आला, नागपूरचा गुरबानी आला, अडतिशीतला जलज सक्सेना आला. आणावीत. नियम एका संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेऊ देतो, आणि गुरबानीसारख्याजवळ बसून शिकायला आमच्या पोरांना आवडेलच.

पण बाहेरून तिघे घेतले की आतल्या तिघांची जागा जाते. त्या तिघांना बाकावर बसवून ‘तू आमचं भविष्य आहेस’ म्हणत राहणं सोपं आहे. त्यात संघटनेचा खर्च काही नाही, खर्च होतात ती पोराची वर्षं. माझं म्हणणं सरळ आहे. हंगामाआधी, उन्हाळ्यातच, अशा पोराला समोर बसवा. यंदा कुठलं काम देणार, किती सामने देणार, ते सांगा. सांगता येत असेल तर त्याने दोन-चार वेळा भोपळा फोडला नाही तरी कुणाला देऊ नका. सांगता येत नसेल तर त्याच दिवशी ना हरकत प्रमाणपत्र द्या, त्याला फेऱ्या मारायला लावू नका. किनवटच्या पोराला नागपूर पुण्यापेक्षा जवळ आहे, आणि नदीपलीकडे गेल्याने तो परका होत नाही. १९५६ला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. या पोरांना विचारा, एवढंच.