नकाशामागची माणसे

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. पण जुन्या सर्व्हे नकाशात गाविलगडचे कडे समुद्रकड्यांसारखेच उभे दिसतात. फरिश्ता सांगतो, हा गड १४२५ मध्ये बहामनी सुलतान अहमदशाह वलीने बांधला. १८०३ मध्ये तो इंग्रजांनी जिंकला. पुढे त्यांची त्रिकोणमितीय मोजणी वऱ्हाडातून उत्तरेकडे सरकली. तिचे प्रमुख लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. एव्हरेस्टने काम पुढे नेले. त्याचे नाव शिखराला मिळाले. त्याच्या मोजणीची यंत्रे सांभाळणारे सय्यद मीर मोहसिन हुसेन मात्र आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाहीत. निशाण घेऊन डोंगर चढणाऱ्या खलाशांची तर नावेही नकाशावर नाहीत. भूगोल शिकवताना आम्ही शिक्षकांनी निदान ही माणसे तरी मुलांना सांगावीत.