मराठवाड्यातील वानर आणि माकडे

मराठवाड्यातील वानर आणि माकडे हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात, विशेषतः नांदेड, लातूर, धाराशिव व बीड जिल्ह्यांत आढळणारे नरवानर गणातील वन्यप्राणी आहेत. मादागास्करमधील लेमूर, भारतातील माकडे आणि स्वतः मनुष्य हे सर्व याच गणात मोडतात. मराठीत काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्यास ‘वानर’ आणि लाल किंवा फिकट तोंडाच्या प्राण्यास ‘माकड’ म्हणण्याची रीत आहे. ग्रामीण भागात दोहोंना सरसकट ‘वांदर’ असेही म्हटले जाते. या प्राण्यांचा आहार, अधिवास आणि संरक्षणाची गरज निरनिराळी असल्याने हा भेद संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

जाती व ओळख

वानर (हनुमान लंगूर) : याचे शास्त्रीय नाव सेम्नोपिथेकस एन्टेलस असे आहे. अंगावरील केस करडे किंवा राखी, चेहरा, कान, तळहात व तळपाय काळे आणि शेपूट शरीरापेक्षा लांब असते. याचा मुख्य आहार कोवळा पाला, कळ्या, फुले, शेंगा व फळे हा होय. पाला पचविण्यासाठी त्याच्या जठराचे अनेक कप्पे असून त्यांतील सूक्ष्मजीव पाल्यातील तंतू आंबवतात. बहुतेक टोळ्यांत एक प्रौढ नर आणि अनेक माद्या असतात. इतर नरांच्या वेगळ्या टोळ्या असतात. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असून मादी सहसा एका पिलास जन्म देते.

लाल तोंडाचे माकड : याचे शास्त्रीय नाव मकाका मुलाटा असे आहे. शेपूट आखूड आणि पाठीचा मागील भाग तांबूस असतो. ही जात प्रामुख्याने उत्तर भारतातील आहे.

टोपी माकड : याचे शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा असे आहे. डोक्यावरील केस मध्यापासून चहूकडे पसरल्याने टोपी घातल्यासारखे दिसतात. शेपूट लांब असते. ही जात केवळ दक्षिण भारतात आढळते.

दोन्ही जातींच्या माकडांच्या गालांत अन्न साठविण्याच्या पिशव्या असतात. वानरास त्या नसतात.

आढळ

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर तालुक्यांत सागाची पानझडी वने आहेत. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. अशा वनांत वानर आणि चितळ यांचे साहचर्य पाहावयास मिळते. वानरांनी झाडावरून टाकलेला पाला व फळे चितळांस मिळतात. वाघ किंवा बिबट्या दिसताच झाडावरील वानर जो इशारा देतात, त्याचाही चितळांस लाभ होतो.

लातूर जिल्ह्याची स्थिती याहून वेगळी आहे. तेथील वनक्षेत्र जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. अशा प्रदेशात नदीकाठची झाडी, रस्त्याकडेचे वड, पिंपळ व उंबर, चिंचेची व आंब्याची जुनी झाडे, देवस्थानांचे परिसर आणि लहान टेकड्या हेच या प्राण्यांचे आश्रयस्थान असते. रस्ता रुंदीकरणात किंवा बांधावरील वृक्षतोडीत ही झाडे गेली, की टोळ्या शेताकडे व वस्तीकडे वळतात.

गोदावरीची सीमा

प्राणिभूगोलाच्या दृष्टीने पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी ही लाल तोंडाचे माकड व टोपी माकड यांच्या क्षेत्रांमधील पारंपरिक सीमा मानली जात असे. नांदेड शहर याच गोदावरीच्या काठी वसले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार लाल तोंडाचे माकड या सीमेच्या दक्षिणेस पसरत असून टोपी माकडाचे क्षेत्र त्यामुळे आकुंचित होत आहे. उपद्रवी माकडे पकडून दूर नेऊन सोडण्याची प्रथा या प्रसारास हातभार लावते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत टोपी माकडाची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात, तर वानर व लाल तोंडाचे माकड यांची ‘सर्वात कमी चिंताजनक’ या वर्गात आहे. त्यामुळे जात न ओळखता केलेले स्थलांतर एका गावाची अडचण दुसऱ्या गावावर ढकलते, एवढेच नव्हे, तर दुसऱ्या जातीच्या अस्तित्वासही बाधक ठरू शकते.

समाजजीवनातील स्थान

हनुमानाशी असलेल्या संबंधामुळे वानरास धार्मिक आदर लाभला आहे. मराठवाड्यातील बहुतेक गावांत मारुतीचे मंदिर असून वानरांना इजा करणे निषिद्ध मानले जाते. धाराशिव जिल्ह्यातील उपळा या गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली आहे. ही नोंद कोणी व केव्हा केली, हे ग्रामस्थांनाही ज्ञात नाही. पूर्वी गावातील विवाहप्रसंगी माकडांना प्रथम भेट देण्याची प्रथा होती. वनविभागाने या जमिनीवर वृक्षलागवड केली आहे. २०२२ मध्ये या नोंदीस देशभर प्रसिद्धी मिळाली.

याउलट, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावी डिसेंबर २०२१ मध्ये वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेत असल्याचे दिसून आले. उंचावर अन्नपाण्यावाचून राहिल्याने किंवा खाली पडल्याने पिल्ले दगावली. प्रसारमाध्यमांनी यास ‘सूड’ असे संबोधले. मात्र या कल्पनेस शास्त्रीय आधार नाही. वनविभागाने तेथील दोन वानर पकडून नेले.

संघर्ष व नुकसानभरपाई

हरभरा, तूर, भुईमूग, मका, भाजीपाला व फळबागा यांचे टोळ्यांकडून नुकसान होते. कोरडवाहू शेतकऱ्यास एका हंगामाची हानीही जड जाते. त्यामुळे केवळ श्रद्धेच्या आधारावर सहजीवन टिकत नाही. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकहानीसाठी राज्य शासनाची भरपाई योजना असून माकडांनी केलेल्या नुकसानीचाही तीत समावेश आहे. त्यासाठी शेतकऱ्याने वनविभागाकडे तत्काळ अर्ज करावयाचा असतो; त्यानंतर वन, महसूल व कृषी विभागांचे कर्मचारी पंचनामा करतात.

अन्न देण्याचे दुष्परिणाम

शनिवारी किंवा यात्रेच्या दिवशी वानरांना फुटाणे, केळी, बिस्किटे देण्याची प्रथा आहे. हेतू पुण्याचा असला, तरी परिणाम घातक होतात. पाला पचविण्यास योग्य अशा वानराच्या जठरात गोड व पिठूळ अन्न अधिक प्रमाणात गेल्यास पचनक्रिया बिघडते. आयत्या अन्नाची सवय लागलेली टोळी माणसास भीत नाही, पिशव्या हिसकावते आणि रस्त्याकडेला थांबल्याने वाहनांखाली सापडते. पुढे हेच प्राणी ‘उपद्रवी’ ठरतात.

कायदेशीर संरक्षण

वानर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्यास पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. १४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार माकडांचे खेळ करण्यास बंदी आहे. त्यामुळे गावोगावी फिरणाऱ्या मदाऱ्यांचा परंपरागत व्यवसाय बेकायदेशीर ठरला.

देखभाल व लोकशिक्षण

जखमी प्राणी किंवा आईवेगळे पिलू आढळल्यास ते घरी न नेता वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळविणे अपेक्षित असते. माणसाच्या हातून वाढलेले पिलू टोळीतील वागणूक शिकत नाही व त्यास पुन्हा टोळीत मिसळणे कठीण जाते. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीज प्रतिबंधक लसीसाठी त्वरित रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

दरवर्षी ऑक्टोबरच्या प्रारंभी साजरा होणारा वन्यजीव सप्ताह हा शाळांमधून या विषयाच्या शिक्षणाचा प्रमुख प्रसंग होय. वानर व माकड यांतील भेद ओळखणे, त्यांना अन्न न देणे आणि वड, पिंपळ, उंबर यांसारखी देशी झाडे राखणे या गोष्टी गावपातळीवर विशेष साधनांवाचून करता येण्याजोग्या आहेत. वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या लातूरसारख्या जिल्ह्यात अशी झाडे टिकविणे हाच वानरांच्या संवर्धनाचा आणि शेताच्या रक्षणाचा समान मार्ग ठरतो.