प्रेषितांच्या चौकशा, यरुशलेममधील

येशू ख्रिस्ताच्या पहिल्या अनुयायांना, विशेषतः त्याच्या नावाने उघडपणे उपदेश करणाऱ्या प्रेषितांना, यरुशलेममधील ज्यू धर्माधिकाऱ्यांपुढे इ. स. सु. ३० ते ६२ या काळात ज्या चौकशांना तोंड द्यावे लागले, त्यांना ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. ‘प्रेषित’ म्हणजे येशूने आपला संदेश पोचवण्यासाठी पाठवलेले निवडक शिष्य. पेत्र व योहान यांची चौकशी, सर्व प्रेषितांना झालेली फटक्यांची शिक्षा, स्तेफनाचा दगडमार, पौलाची न्यायसभेपुढील उलटतपासणी आणि येशूचा भाऊ याकोब याचा वध या पाच घटना या नोंदीच्या कक्षेत येतात. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही ज्यूच होते, दोघांचे धर्मग्रंथ एक होते आणि दोघेही एकाच मंदिरात प्रार्थना करीत. त्यामुळे हा वाद मुळात एकाच धर्मपरंपरेतील अधिकाराचा, म्हणजे देवाच्या नावाने लोकांना शिकवण्याचा हक्क कोणाला, याचा वाद होता.

साधने : या घटनांचे मुख्य साधन म्हणजे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे ग्रीक भाषेतील पुस्तक होय. परंपरेनुसार ते पौलाचा सहप्रवासी लूक याने लिहिले असून बहुसंख्य अभ्यासक त्याचा काळ इ. स. ८० ते ९० च्या आसपास मानतात, म्हणजे वर्णिलेल्या पहिल्या घटना आणि लेखन यांत सुमारे पन्नास वर्षांचे अंतर पडते. पौलाची पत्रे त्याहून जुनी आहेत आणि आपण स्वतः पूर्वी येशूच्या अनुयायांचा छळ केला, ही त्यांतील कबुली लूकच्या कथनाला स्वतंत्र दुजोरा देते. ज्यू इतिहासकार फ्लेव्हियस जोसेफस याचा ज्यूंच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ (इ. स. सु. ९३–९४) आणि ज्यू विधिनियमांचा ‘मिश्ना’ हा संग्रह (इ. स. सु. २००) यांतून धर्माधिकाऱ्यांची व न्यायपद्धतीची माहिती मिळते, मात्र मिश्नाचे संकलन इ. स. ७० मधील मंदिराच्या विध्वंसानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झाले असल्याने त्यातील सर्व नियम पहिल्या शतकात जसेच्या तसे पाळले जात होते, असे गृहीत धरता येत नाही.

न्यायसभा : यरुशलेममधील सर्वोच्च धर्मसभेला ‘सन्हेद्रिन’ म्हणत, मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘न्यायसभा’ हा शब्द येतो. मिश्नानुसार तिचे सभासद ७१ होते. ते खळ्याच्या अर्ध्या वर्तुळासारखे बसत, जेणेकरून प्रत्येकाला इतरांचे चेहरे दिसावेत, आणि त्यांच्यापुढे दोन लेखनिक दोन्ही बाजूंचे म्हणणे टिपून घेत. देहदंडाच्या खटल्यात आधी निर्दोषत्वाच्या बाजूने युक्तिवाद व्हावा, खटला दिवसा चालावा आणि दोषी ठरवणारा निकाल त्याच दिवशी न देता दुसऱ्या दिवशी द्यावा, असे दंडक मिश्नात आहेत. सभेत मुख्य याजकांची घराणी, समाजातील वडील आणि शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, बसत. त्यांच्यात दोन पंथ ठळक होते. सदूकी हे प्रामुख्याने याजकवर्गातील असून ते लेखी शास्त्रालाच प्रमाण मानत व मेलेल्यांचे पुनरुत्थान नाकारत. परूशी मौखिक परंपरेलाही प्रमाण मानत आणि पुनरुत्थानावर विश्वास ठेवत. येशू मेलेल्यांतून उठला, हाच प्रेषितांच्या उपदेशाचा गाभा असल्याने त्यांना पहिला व तीव्र विरोध सदूकी याजकांकडून व्हावा, हे या मतभेदातून उलगडते.

सभेच्या प्रमुखपदी महायाजक असला, तरी इ. स. ६ मध्ये यहूदिया प्रांत रोमच्या थेट अंमलाखाली आल्यावर महायाजक नेमण्याचे आणि काढण्याचे अधिकार प्रथम रोमन अधिकाऱ्यांकडे व पुढे रोमच्या आश्रयाने राज्य करणाऱ्या हेरोद घराण्यातील राजांकडे राहिले. हन्ना हा इ. स. ६ ते १५ या काळात महायाजक होता आणि पदावरून दूर झाल्यावरही त्याचे वजन टिकून राहिले. त्याचे पाच मुलगे पुढे त्या पदावर बसले. त्याचा जावई कयफा याने इ. स. १८ पासून सुमारे १८ वर्षे ते पद सांभाळले. महायाजकाची सणावाराची पवित्र वस्त्रेसुद्धा रोमनांनी मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया किल्ल्यात स्वतःच्या ताब्यात ठेवली होती आणि सणापुरती ती बाहेर काढून दिली जात. सिरियाचा रोमन प्रशासक व्हितेल्लियस याने इ. स. ३६–३७ च्या सुमारास ती याजकांना परत केली. मंदिरात गर्दी जमून दंगल उसळली, तर पहिला जाब महायाजकालाच द्यावा लागणार, ही जाणीव प्रेषितांविरुद्धच्या कारवाईमागे धार्मिक आक्षेपाइतकीच प्रबळ असावी.

पेत्र व योहान यांची चौकशी : ‘कृत्ये’च्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांनुसार पेत्र आणि योहान दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जात असताना ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी भीक मागणारा, जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस त्यांना भेटला. पेत्राने येशूच्या नावाने त्याला उभे केले आणि जमलेल्या लोकांपुढे शलमोनाच्या देवडीत, म्हणजे मंदिराच्या पूर्वेकडील खांबांच्या ओसरीत, उपदेश केला. याजक, मंदिराच्या पहारेकऱ्यांचा सरदार आणि सदूकी यांनी दोघांना पकडले. संध्याकाळ झालेली असल्याने त्यांना रात्रभर कोठडीत ठेवून दुसऱ्या दिवशी हन्ना, कयफा आणि महायाजकाच्या कुळातील इतरांपुढे उभे केले गेले. हे कृत्य कोणत्या सामर्थ्याने व कोणाच्या नावाने केले, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. पेत्राने येशूचे नाव घेतले आणि बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगडच कोनशिला झाल्याची स्तोत्रसंहितेतील प्रतिमा थेट सभेला लावली. हे लोक रीतसर शास्त्र न शिकलेले सामान्य जन असूनही इतक्या धिटाईने बोलतात, याचे सभेला आश्चर्य वाटले, आणि बरा झालेला, चाळिशी ओलांडलेला तो माणूस त्यांच्याशेजारीच उभा असल्यामुळे घटना नाकारण्याची सोय उरली नाही. सभेने दोघांना बाहेर काढून आपापसांत विचार केला आणि यापुढे या नावाने बोलू नये, अशी ताकीद देऊन त्यांना सोडले. देवाचे ऐकावे की तुमचे, याचा निवाडा तुम्हीच करा, असे प्रेषितांनी सभेपुढेच सांगितले. शिक्षा न होता केवळ ताकीद मिळाली, तरी या ताकिदीमुळे पुढचा प्रत्येक उपदेश आज्ञाभंग ठरणार होता.

गमलिएलाचा सल्ला आणि फटके : उपदेश थांबला नाही, तेव्हा पाचव्या अध्यायानुसार सर्व प्रेषितांना पकडून सभेपुढे आणण्यात आले. लोक दगड मारतील, या भीतीने पहारेकऱ्यांनी त्यांना बळजबरी न करता नेले, असा उल्लेख लूक करतो. त्यावरून शहरातील लोकमत कोणाकडे झुकले होते, हे दिसते. माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळणे आम्हाला भाग आहे, असे पेत्र व इतर प्रेषित म्हणाले. सभेतील काहींना त्यांना ठार मारावेसे वाटले. परंतु गमलिएल या सर्वमान्य परूशी शास्त्र्याने त्यांना आवर घातला. गमलिएल हा हिल्लेल या थोर धर्मगुरूच्या घराण्यातील मानला जातो आणि पौलानेही आपण त्याच्या पायाशी बसून शिकल्याचे सांगितल्याचे ‘कृत्ये’त नमूद आहे. थुदास आणि गालीलकर यहूदा यांच्या चळवळी त्यांच्या मृत्यूनंतर विखुरल्या, याची आठवण देऊन त्याने सांगितले की, हे कार्य माणसांचे असेल तर आपोआप मोडेल आणि देवाचे असेल तर ते मोडता येणार नाही. उलट आपणच देवाचे विरोधक ठरू. या भाषणात कालक्रमाची एक अडचण आहे : जोसेफसच्या मते थुदासचे बंड इ. स. ४४ नंतर, फादस या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत झाले, म्हणजे गमलिएलाच्या भाषणानंतर. तर यहूदाचे बंड इ. स. ६ मधील खानेसुमारीच्या वेळचे आहे. त्यामुळे भाषणाची शब्दरचना लूकची आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. काही जण मात्र लूकला त्याच नावाचा आधीचा कोणी थुदास अभिप्रेत असावा, असे सुचवतात.

सभेने गमलिएलाचे ऐकले, पण प्रेषितांना फटके देऊनच सोडले. मोशेच्या नियमशास्त्रात फटक्यांची मर्यादा ४० होती आणि मोजण्यात चूक होऊन ती ओलांडली जाऊ नये, म्हणून प्रत्यक्षात ३९ च फटके मारण्याचा प्रघात पडला. मिश्नाच्या वर्णनानुसार दोषी माणसाचे हात खांबाला दोन्ही बाजूंनी बांधत, त्याची छाती उघडी करत आणि सभास्थानाचा सेवक मागे दगडावर उभा राहून वासराच्या कातड्याच्या दुहेरी पट्ट्याने एक तृतीयांश फटके छातीवर व दोन तृतीयांश पाठीवर मारत असे; त्याआधी त्या माणसाच्या शरीराला किती फटके सोसतील, याचाही अंदाज घेतला जाई. पौलाने पुढे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात अशी शिक्षा आपल्याला पाच वेळा झाल्याचे सांगितले आहे. फटके ही समाजातील माणसाला समाजातच ठेवून दिलेली शिक्षा होती. ती वारंवार सोसणारा पौल स्वतःला ज्यू समाजाबाहेरचा मानत नव्हता, हे त्यावरून स्पष्ट होते.

स्तेफन : स्तेफन हा यरुशलेममधील ग्रीकभाषी ज्यू अनुयायांपैकी असून अन्नवाटपाची व्यवस्था पाहण्यासाठी निवडलेल्या सात जणांत तो अग्रणी होता. मोशेची आणि देवाची निंदा केल्याचा, तसेच येशू हे मंदिर मोडून मोशेने दिलेल्या चालीरीती बदलील असे म्हटल्याचा आरोप ठेवून त्याला सभेपुढे उभे केले गेले. त्याचे उत्तर हे ‘कृत्ये’तील सर्वांत दीर्घ भाषण होय. अब्राहाम, योसेफ, मोशे आणि शलमोन यांचा इतिहास सांगत देव माणसांच्या हातांनी बांधलेल्या घरात सामावत नाही, या मुद्द्यावर तो येतो आणि संदेष्ट्यांचा छळ करणाऱ्या पूर्वजांचेच तुम्ही वारस आहात, असे सभेला सुनावतो. यानंतर औपचारिक निकालाचा उल्लेख नाही. लोक त्याच्यावर धावून गेले, त्याला शहराबाहेर काढले आणि दगडांनी ठार मारले. त्यामुळे ही न्यायालयीन शिक्षा होती की जमावाने घेतलेला बळी, याविषयी मतभेद आहेत. साक्षीदारांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या तरुणापाशी ठेवली होती. हाच पुढे पौल झाला. स्तेफनाला ख्रिस्ती परंपरा पहिला हुतात्मा मानते आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये २६ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन आहे. त्याच्या वधानंतर पांगलेले अनुयायी शोमरोन, फेनिके, कुप्र आणि अंत्युखिया येथे गेले, आणि दडपण्यासाठी झालेल्या कारवाईनेच ही शिकवण यरुशलेमबाहेर पोचवली.

पौल : पुढे स्वतःच येशूचा अनुयायी बनलेला पौल इ. स. ५७ च्या सुमारास यरुशलेमला आला असता त्याने त्रफिम या इफिसच्या परकीयाला मंदिराच्या निषिद्ध भागात नेल्याचा समज पसरून जमाव खवळला. या भागाच्या कठड्यावर परकीयांना प्राणभयाचा इशारा देणारे ग्रीक शिलालेख होते. त्यांपैकी एक अखंड शिलालेख फ्रेंच संशोधक क्लेर्माँ-गानो याला १८७१ मध्ये सापडला, त्यामुळे आरोपाचे गांभीर्य पुराव्यानिशी कळते. रोमन सरदार क्लौद्य लुसिया याने पौलाला जमावाच्या हातून सोडवले आणि नेमका आरोप कळावा म्हणून न्यायसभेपुढे उभे केले. महायाजक हनन्या याने त्याच्या तोंडात मारण्याची आज्ञा देताच पौलाने कायद्याने न्याय करणारा कायदा मोडतो, असे त्याला खडसावले. पुढे, आपण परूशी असून मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या आशेवरून आपला न्याय होत आहे, असे त्याने मोठ्याने सांगताच सभेत परूशी व सदूकी यांची जुंपली आणि चौकशी निकालाविना थांबली. त्यानंतर पौलाला कैसरिया येथे सुभेदार फेलिक्स व नंतर फेस्त यांच्यापुढे नेण्यात आले आणि शेवटी रोमन नागरिक या नात्याने त्याने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली.

याकोब : इ. स. ६२ मध्ये फेस्त मरण पावला आणि नवा अधिकारी अल्बिनस येऊन पोचण्यापूर्वी हन्नाचा त्याच नावाचा मुलगा, त्या वेळचा महायाजक, याने न्यायाधीशांची सभा बोलावून येशूचा भाऊ याकोब आणि इतर काहींना नियमभंगाच्या आरोपावरून दगडमाराची शिक्षा दिली. जोसेफस सांगतो की, नियमांबाबत काटेकोर असलेल्या शहरवासीयांना हे अन्यायाचे वाटले, त्यांनी तक्रारी केल्या आणि राजा दुसरा अग्रिप्पा याने तीन महिन्यांच्या कारकिर्दीनंतर या महायाजकाला पदच्युत केले. ख्रिस्ती नसलेल्या लेखकाने दिलेली ही हकिकत दाखवते की, प्रचारकांवरील अन्यायाविरुद्ध ज्यू समाजातूनच निर्भीड आवाज उठला होता.

मूल्यमापन : या सर्व चौकशांत धर्माधिकारी एकमताचे नव्हते. याजक आणि शास्त्री, सदूकी आणि परूशी यांची भूमिका वेगळी होती, आणि प्रचारकांचे प्राण वाचले ते अनेकदा सभेतल्याच एखाद्याच्या विवेकामुळे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केल्यावर ही न्यायसभा तिच्या जुन्या रूपात उरली नाही. पुढे ख्रिस्ती धर्माला राजसत्तेचा आश्रय मिळाल्यावर मात्र हीच वर्णने संपूर्ण ज्यू समाजाला दोषी ठरवण्यासाठी वापरली गेली आणि त्यातून शतकानुशतके छळ झाला. एका धर्मपरंपरेतील अंतर्गत वादाचे असे रूपांतर करणे हा इतिहासाचा घोर विपर्यास आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व ज्यूंवर लादण्याची भूमिका अधिकृतपणे नाकारली.

माणसांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ, हे प्रेषितांचे उत्तर पुढे सत्तेच्या मर्यादा ठरवण्यासाठी वारंवार आधाराला घेतले गेले. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग धर्मघोषणेत राज्यकर्त्यांचे आज्ञापालन कर्तव्य म्हणून सांगताना, त्यांची आज्ञा पाप करायला लावणारी असेल तर हा अपवाद लागू होतो, असे नमूद आहे. प्रेषितांनी सभेचे अस्तित्व किंवा तिचा प्रश्न विचारण्याचा हक्क नाकारला नाही. बोलावल्यावर ते हजर राहिले, फटके सोसले आणि उपदेश सुरू ठेवला. अधिकाराचा मान राखूनही सदसद्विवेकाशी तडजोड न करण्याची ही भूमिका गमलिएलाच्या संयमाइतकीच या प्रसंगांचा चिरस्थायी वारसा आहे, आणि पुढे सत्ता हाती आलेल्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी पाखंडी म्हणून इतरांच्या चौकशा केल्या, तेव्हा त्यांना आपल्याच ग्रंथातील या दोन्ही गोष्टींचा विसर पडला होता.