नेटवर्क मधूनच बिघडतं, पुन्हा नीट होतं! असा बग शोधायचा कसा?

सर्व्हर सुरू, इंटरनेट सुरू, तरी मधूनच डेटा चुकीचा येतो. रिफ्रेश केलं की सगळं ठीक. अशा बगचं मूळ कधीकधी अॅपमध्ये नसून कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतं. ट्विटरला २०१५ मध्ये हाच अनुभव आला.

नेमकं काय झालं?

त्या नोव्हेंबरमध्ये ट्विटरच्या अनेक सर्व्हिसेस अशक्य वाटाव्यात अशा चुका दाखवू लागल्या. डेटात विचित्र अक्षरं, आवश्यक माहिती गायब. शोध घेतल्यावर काही ठरावीक रॅकवर संशय गेला. तिथे टीसीपी चेकसमच्या चुका अचानक वाढल्या होत्या.

चेकसम म्हणजे काय?

लासलगावहून निघालेल्या कांद्याच्या गोणीवर वजन लिहिलं आणि पोचल्यावर पुन्हा काट्यावर ताडून पाहिलं, तसाच हा हिशोब. जुळला नाही तर कर्नल पॅकेट फेकून देतं आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो.

मग खराब पॅकेट आत आलं कसं?

कंटेनरपर्यंत पॅकेट नेणारा लिनक्सचा 'व्हेथ' ड्रायव्हर असं पॅकेट न तपासताच 'तपासलेलं' ठरवत होता. एरवी हे कळायचं नाही. खराब हार्डवेअर आणि कंटेनर, दोन्ही एकत्र आले तरच डेटा बिघडायचा. विजय पांडुरंगन आणि इव्हान जोन्स यांनी दिलेली दुरुस्ती अगदी छोटी होती: कोडच्या त्या काही ओळी काढून टाकणं.

तुमच्याकडे असं झालं तर?

• लगेच रिस्टार्ट करू नका, पुरावा जातो. कोणत्या मशीनवर, किती वाजता, हे आधी लिहून ठेवा.
• 'एनस्टॅट'मध्ये चेकसमच्या चुकांचा आकडा वाढतोय का, ते बघा.
• 'टीसीपीडंप' दोन्ही टोकांना लावा आणि पॅकेट ताडून पाहा. पाठवणाऱ्या मशीनवर चेकसम चुकीचा दिसला तर घाबरू नका, अनेकदा तो नंतर नेटवर्क कार्ड भरतं.
• टेस्ट मशीनवर 'नेटएम' वापरून मुद्दाम पॅकेट बिघडवा. बग हवा तेव्हा दिसू लागला, की अर्धं काम झालं.
• एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर बग गेला तरी कशामुळे गेला, ते कळणार नाही.