तळटीप : पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन

३. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन यांचा उल्लेख ग्रंथकाराने येथे एकाच दमात केला असला, तरी उभयतांची कार्यपद्धती सर्वस्वी भिन्न आहे. जीवाणूच्या भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनाच्या धाग्यांना आडवे टाके घालण्याचे काम ज्या एंझाइमाकडे सोपविलेले असते, त्याला पेनिसिलिनाच्या रेणूतील चौकोनी बीटा-लॅक्टम वलय हे त्या धाग्यांच्या टोकाच्या डी-ॲलानिनाच्या जोडीसारखेच भासते; ते एंझाइम त्या वलयास जाऊन चिकटते आणि निकामी होऊन बसते. जुनी भित्तिका उसविणारी एंझाइमे मात्र आपले काम बिनदिक्कत चालू ठेवीत असल्यामुळे, वाढू पाहणारी पेशी अखेर आतील दाबानेच फुटते. मानवी पेशीस अशी भित्तिकाच नसल्याने तिला याची तोशीस लागत नाही. याउलट, १९४३ साली वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी मिळविलेले स्ट्रेप्टोमायसीन भित्तिकेच्या वाटेस न जाता, प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमाच्या लहान भागास बिलगते. परिणामी जनुकीय संदेशाचे वाचन चुकून भलतीच ॲमिनो अम्ले जोडली जातात व बेकाम प्रथिने निपजतात. क्षयाच्या ज्या जंतूंपुढे पेनिसिलिनाची मात्रा चालली नाही, त्यांवर ते लागू पडले. — संपादक