जहाजातून आलेला गारवा

मे महिन्यात गिरगावातल्या आमच्या चाळीत दुपारी तीनच्या सुमारास दोन आवाज ऐकू यायचे. एक कैरीवाल्याचा आणि दुसरा बर्फाच्या गोळेवाल्याच्या घंटीचा. पहिल्या आवाजाला घरच्यांची हरकत नसे, कारण कैरीचे पन्हे घरीच व्हायचे. दुसऱ्याला मात्र सक्त मनाई होती. ही मनाई जितकी सक्त, तितका गोळा अधिक गोड लागत असे, हे वेगळे सांगायला नकोच.

हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी असायची. गोळेवाला तिचा तुकडा टोच्याने फोडायचा, उलट्या बसवलेल्या रंध्यावर घासायचा, खाली पडलेला कीस ओंजळीत दाबून त्यात काडी खोचायचा आणि वरून रंगीत पाक ओतायचा. काला खट्टा चोखून चोखून शेवटी पांढरा फटक बर्फ हातात उरला की पुन्हा गाडीकडे जायचे, "भैया, और थोडा" म्हणायचे, आणि तो बिचारा एक पैसाही न घेता पुन्हा पाक ओतायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरच्या एका मुलाला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसण्याच्या चार दिवस आधी त्याने गोळा खाल्ला होता, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि कोणीतरी ते मोठ्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांनी गोळेवाल्याला दारातून हाकलून दिले. तो काही बोलला नाही, गाडी वळवून निघून गेला आणि पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

ही गोष्ट पुढे बरीच वर्षे मनात राहिली. बर्फ, आजार आणि आरोप हे त्रिकूट मुंबईत किती जुने आहे, हे शहराच्या इतिहासात डोकावल्यावर कळले. त्याची हकिकत शिक्षक मित्रांना वर्गात उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगत आहोत.

मुंबईचे पहिले आइस्क्रीम

आपल्याकडे बर्फ हा शब्द फारसीतून आला. मराठी मुलाला आकाशातून फुकट मिळणारा बर्फ माहीत होता तो वळवाच्या पावसातल्या गारांचा. गारा वेचून तोंडात टाकण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नव्हता. उत्तरेत मात्र थंडावा मिळवण्याच्या युक्त्या होत्या. अकबराच्या दरबारात पाणी गार करण्यासाठी सोरा वापरत. त्याची कृती अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे : एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे आणि अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी यांच्या मिश्रणात ती सुरई पाव तास हलवायची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून आतले पाणी गार होते. १५८६ नंतर बादशहाचा मुक्काम लाहोरला असताना पहाडांतून बर्फही येऊ लागला.

याहून नवलाची पद्धत सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. अलाहाबादकडे उघड्या मैदानात सुमारे दोन फूट खोल खड्डे करून त्यांत उसाची चिपाडे किंवा कडबा पसरत आणि त्यावर पाण्याने भरलेली मातीची उथळ परळे ठेवत. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री त्यांत बर्फ जमे, आणि सूर्य उगवण्यापूर्वी तो गोळा करत. गंमत अशी की, हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही हे घडत असे. याचे कारण विल्यम चार्ल्स वेल्स यांच्या दवावरील १८१४ सालच्या ग्रंथामुळे स्पष्ट झाले. परळातले पाणी मोकळ्या आकाशाकडे उष्णता प्रारित करते. खालून चिपाडे आणि बाजूंनी स्थिर हवा असल्याने गमावलेली उष्णता भरून निघत नाही, आणि पाणी हवेहून अधिक थंड होते. हवेत बाष्प जास्त असेल तर तेच खालच्या दिशेने उष्णता परत पाठवते. समुद्राच्या कुशीतल्या दमट मुंबईला म्हणूनच ही युक्ती उपयोगाची नव्हती. मुंबईत माठातले पाणीसुद्धा नागपूरच्या माठाइतके गार होत नाही. दोन्हींच्या मुळाशी हवेतले बाष्पच आहे, जरी ते काम निरनिराळ्या रीतीने करत असले तरी.

मग मुंबईला बर्फ मिळाला कोठून? अमेरिकेतून! बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८०६ साली तिथल्या तळ्यावरचा बर्फ जहाजात भरून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेला. लोकांनी त्याला वेड्यात काढले, त्याला तोटा झाला आणि पुढे कर्जापायी तो तुरुंगातही गेला. तरी त्याने नाद सोडला नाही. १२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोहोचले. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडूनही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक इतके खूश झाले की त्यांनी बर्फ आणणाऱ्या रॉजर्स यांना चषक भेट दिला.

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, हा बर्फ मुंबईत आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो विकायला आणला. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले. मुंबईतले हे पहिले जाहीर आइस्क्रीम, असे सांगतात. आणि यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली, असेही सांगतात! बातमीतला गर्भित अर्थ उघड आहे : परदेशी थंड पदार्थ खाल्ला, भोगा आता फळे.

आज आपल्याला ठाऊक आहे की सर्दी विषाणूंमुळे होते आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. एका दिवाणखान्यात बरीच माणसे जमली, त्यांत एखादा शिंकणारा असला, तर आइस्क्रीमऐवजी गरम बासुंदी वाढली असती तरी पाहुण्यांना सर्दी झालीच असती. पण १८३४ साली विषाणू कोणालाच माहीत नव्हते. नवी गोष्ट घडली, पाठोपाठ आजार आला, म्हणून नव्या गोष्टीमुळे आजार आला, हा निष्कर्ष त्या वेळच्या बातमीदाराने काढला. आमच्या चाळीनेही तोच काढला होता, आणि तेव्हा विषाणू चांगले माहीत होते.

चार महिने बर्फ टिकला कसा?

हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. बहुतेक मुले 'जहाजात फ्रीज असेल' असे म्हणतात. जहाजात होता तो लाकडाचा भुसा. अमेरिकेच्या मेन प्रांतातल्या लाकडाच्या गिरण्यांतून निघणारा हा भुसा तेव्हा टाकाऊ होता. तळ्यातला बर्फही फुकटच, आणि पूर्वेकडे निघालेल्या जहाजांना जाताना पुरेसा माल मिळत नसल्याने भाडेही स्वस्त. तीन बिनकिमतीच्या गोष्टी एकत्र करून ट्यूडरने धंदा उभा केला, यात त्याची खरी हुशारी दिसते.

आता थोडी आकडेमोड करू. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, म्हणजे ३३४ जूल उष्णता लागते. १२० दिवसांत ८० टन बर्फ वितळला असे धरले, तर बर्फात शिरणारी उष्णता दर सेकंदाला सुमारे २६०० जूल, अर्थात २६०० वॅट येते. न्हाणीघरातला एक गीझर तेवढीच उष्णता देतो! बाहेर विषुववृत्तावरचा उन्हाळा, आणि सबंध जहाजाच्या बर्फाला मात्र एकाच गीझरची झळ.

यात भुशाइतकाच वाटा आकाराचाही आहे. एक किलो बर्फाचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ साधारण ६४० चौरस सेंटिमीटर भरते. १८० टनांचा एकच सलग घन कल्पिला तर दर किलोच्या वाट्याला येणारे पृष्ठफळ जेमतेम ११ चौरस सेंटिमीटर. उष्णता पृष्ठभागातूनच शिरते, म्हणून मोठा ढीग सावकाश वितळतो. ठोकळे एकमेकांना चिकटून नीट रचता यावेत यासाठी ते सारख्या मापाचे हवेत. ती सोय नॅथॅनिअल वाइथ याने घोड्याने ओढायचा बर्फ कापण्याचा नांगर तयार करून केली.

पुढे बर्फ साठवण्यासाठी खास घरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही समुद्रकिनाऱ्यावर उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते, म्हणून आता त्याला विवेकानंदांचे नाव आहे. मुंबईचे घुमटाकार बर्फघर १८४० नंतरच्या दशकात कोटात, गोदीजवळ झाले. आज त्या जागी कामा प्राच्यविद्या संस्थेची इमारत आहे. त्या रस्त्याने आम्ही अनेक वर्षे ये-जा केली, पण पायाखाली एके काळी मॅसॅच्युसेट्सच्या तळ्याचे पाणी घट्ट होऊन पडले होते, याची कल्पना नव्हती. हेन्री डेव्हिड थोरो याला मात्र त्याची पुरती कल्पना होती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसे त्याच्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापायला आली, तेव्हा मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम रहिवासी आपल्याच विहिरीचे पाणी पिणार, असा विचार त्याच्या मनात आला. १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'वॉल्डन' पुस्तकात तो नोंदलेला आहे.

अर्थात हे घामाघूम रहिवासी म्हणजे साहेब आणि शेटजीच. गोदीवर बर्फ उतरवणाऱ्या हमालाच्या हाताला तेवढा गारवा लागला असेल, तोंडाला नाही. बर्फ सर्वांचा झाला तो यंत्रामुळे. वाफ दाबून थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्सने १८३४ सालीच, म्हणजे मुंबईला पहिला बर्फ मिळाला त्याच वर्षी घेतले होते. अमोनियावर चालणारे फेर्दिनां कारे याचे यंत्र १८५९ चे. मद्रासला १८७४ साली आणि कलकत्त्याला १८७८ साली बर्फाच्या कंपन्या निघाल्या आणि बॉस्टनच्या जहाजांची गरज संपली. त्यानंतर बर्फ हळूहळू मेजवानीच्या टेबलावरून हातगाडीवर आला.

घरच्या पॉट आइस्क्रीमबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हात फिरवायच्या या पॉटचे पेटंट नॅन्सी जॉन्सन या बाईंनी अमेरिकेत १८४३ साली घेतले. आमच्या चाळीत तो पॉट एकच होता आणि रविवारी पाळीपाळीने घराघरांत फिरत असे. मधल्या डब्यात आटवलेले दूध आणि आमरस, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. मिठामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, बर्फ वितळू लागतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. योग्य प्रमाण साधले तर मिश्रणाचे तापमान उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. नुसत्या बर्फाने हे होणार नाही, कारण तो शून्यावरच थांबतो आणि साखर घातलेले दूध शून्याच्या खाली गोठते. दांडा फिरवत राहायचे ते स्फटिक बारीक राहावेत आणि दुधात हवा मिसळावी म्हणून. दांडा जड लागू लागला की आइस्क्रीम झाले. मग मोठी माणसे आम्हाला बाजूला सारून स्वतः फिरवायला येत.

या पॉटसाठी लागणारा बर्फ कोठून येत असे? ज्या वखारीतून गोळेवाला लादी उचलायचा, त्याच वखारीतून. तो डब्याच्या बाहेर असे, पोटात जात नसे, हे खरे. पण पन्ह्यात घालायला उरलेला तुकडा सर्रास वापरला जाई, आणि त्याला कोणीच हरकत घेत नसे.

आता गोळेवाल्याकडे परत येऊ. आमच्या चाळीतली ती कावीळ बहुधा हेपॅटायटिस-ए या विषाणूची असावी. हा विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून शरीरात शिरतो आणि लक्षणे दिसायला दोन ते सात आठवडे, सरासरी चार आठवडे लागतात. चार दिवसांपूर्वीचा गोळा म्हणजे आरोपी गुन्ह्याच्या जागी वेळेवर हजरच नव्हता! एवढे साधे कोष्टक तेव्हा कोणी मांडले नाही. त्याच सुमारास चाळीच्या नळाची जुनी वाहिनी गटाराला लागून जात होती, आणि पाण्याला वास येतो अशी तक्रार महिनाभर आधीपासून होती. तिच्यासाठी कोणी कोणाला हाकलले नाही.

पण म्हणून गोळेवाला निर्दोष ठरतो असेही नाही. गोठवल्याने पाणी शुद्ध होते, हा समज चुकीचा आहे. न्यूयॉर्कचे टी. मिचेल प्रडन यांनी १८८७ साली विषमज्वराचे जंतू बर्फात ठेवून पाहिले. पुष्कळ जंतू मेले, पण १०३ दिवसांनंतरही काही जिवंत सापडले. कावीळीचा हा विषाणूही थंडीला दाद देत नाही. तेव्हा महिन्यापूर्वीच्या एखाद्या गोळ्यातून तो आला असणे शक्य आहे; नळातून आला असणेही तितकेच शक्य आहे. मासळी टिकवण्यासाठी केलेला, न पिण्याच्या पाण्याचा बर्फ खाण्याच्या बर्फात मिसळला जातो ही तक्रार जुनी आहे. २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा आदेश काढला. आमच्या लहानपणी सगळ्या लाद्या पांढऱ्याच होत्या, आणि कोणती कशाची हे गोळेवाल्यालाही सांगता आले नसते.

वर्गात करून पाहायचे असल्यास बर्फाचे सारखे दोन तुकडे घ्यावेत. एक ताटलीत उघडा ठेवावा आणि दुसरा डब्यात सर्व बाजूंनी भुसा दाबून. दर अर्ध्या तासाने दोन्ही वजन करावेत आणि मुलांना आलेख काढू द्यावा. दुसऱ्या तुकड्याचा भुसा वजनाआधी झटकावा, नाहीतर ओल्या भुशामुळे आकडे चुकतात. आमचे पहिल्यांदा चुकले होते. भुसा कोणत्याही सुताराकडे मिळतो, आणि मुले पाठवली तर तो पैसे घेत नाही.